‘आण इकडे, मी करून देतो’

नोव्हेंबर हा नाशिकरोडचा खास महिना. फराळाचे डबे तळाला लागलेले असतात, आकाशकंदील अजून उतरवलेले नसतात आणि पेन्शनर मंडळी हयातीच्या दाखल्याच्या मागे लागलेली असतात. आपण अजून आहोत हे सरकारला वर्षातून एकदा पटवून द्यायचं, नाहीतर पेन्शन थांबते. पूर्वी हे काम बँकेत रांग लावून, साहेबासमोर सही ठोकून व्हायचं. रांगेत जुने सहकारी भेटायचे. कोण गेलं, कोणाचा गुडघा बदलला, कोणाची नात परदेशी गेली, याचा वार्षिक ताळेबंद तिथेच व्हायचा. आता दाखला फोनवर निघतो. ‘जीवन प्रमाण’ १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झालं तेव्हा बोटाचा ठसा द्यावा लागे, आणि म्हातारपणी पुसट झालेल्या रेषा यंत्राला काही केल्या दिसत नसत. २०२१ च्या नोव्हेंबरात नुसता चेहरा दाखवून दाखला काढायची सोय आली. ऐंशीच्या पुढच्यांना तर १ ऑक्टोबरपासूनच मुभा असते.

गंमत अशी, की देशातलं सगळ्यात कागदी गाव शोधायचं तर ते नाशिकरोडच निघेल. एके काळी आपली टपालाची तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून यायची. १९२५ च्या सुमाराला नाशकात सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि ती इथे छापली जाऊ लागली. १९२८ साली शेजारी करन्सी नोट प्रेस आला आणि १९३२ पर्यंत देशात चालणाऱ्या सगळ्या किमतींच्या नोटा नाशकातून निघू लागल्या. तिकिटं, स्टॅम्प पेपर, पासपोर्ट, नोटा. सरकारचा शब्द ज्या ज्या कागदावर खरा मानला जातो, त्यातला मोठा हिस्सा या दोन प्रेसच्या फाटकातून बाहेर पडला. ‘मुलगा प्रेसमध्ये आहे’ एवढ्या एका वाक्यावर जेलरोडला आणि उपनगरला कित्येक सोयरिकी जुळल्या.

मग २०१६ साल आलं. ११ एप्रिलला मुंबईत यूपीआयची घोषणा झाली. तेव्हा नाशिकरोडला त्याचं कोणाला काही वाटलं नाही. ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली आणि प्रेसमध्ये रविवारच्या सुट्ट्या गेल्या, जादा पाळ्या लागल्या. नव्या पाचशेच्या नोटा छापून छापून माणसं थकली. त्या वेळी रात्रपाळीला उभे असलेले अनेक जण आज निवृत्त आहेत आणि कोपऱ्यावरच्या भाजीवालीला कोथिंबिरीचे दहा रुपये फोनवरून देतात. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयचे २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. त्याच वर्षी टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं. नोटा अजून छापल्या जातात, भरपूर छापल्या जातात. पण ज्यांचं आयुष्य कागदाचा खरेखोटेपणा जपण्यात गेलं, त्यांना आता बिनकागदाच्या जगात नव्याने नाव नोंदवावं लागलंय.

तर दाखला. काय काय करावं लागतं ते सविस्तर सांगतो, कारण ‘सोप्पं आहे हो’ म्हणणाऱ्यांनी हे स्वतः कधी केलेलं नसतं. ॲप एक नाही, दोन लागतात. एक ‘जीवन प्रमाण’चं आणि दुसरं ‘आधार फेस आरडी’. हे दुसरं उतरवून घेतलं तरी उघडता येत नाही. ते मागच्या मागे काम करतं. हे माहीत नसलेला माणूस ‘आलंच नाही वाटतं’ म्हणून पुन्हा प्ले स्टोअरला जातो, तिथे ते आधीच उतरलेलं दिसतं, आणि तो चक्रावतो. पुढे पहिलं ॲप उघडलं की ते विचारतं, ऑपरेटर कोण? आपल्याच घरात, आपल्याच फोनवर, आपलाच दाखला काढताना हा ऑपरेटर कुठून आणायचा? तर तो आपणच. आधी ऑपरेटर म्हणून आपला आधार क्रमांक द्यायचा, ओटीपी टाकायचा, चेहरा दाखवायचा. मग तोच माणूस पेन्शनर म्हणून पुन्हा हजर. पुन्हा आधार, पुन्हा ओटीपी, पीपीओ नंबर, बँकेचं खातं, पेन्शन मंजूर करणारं खातं कोणतं आणि देणारं कोणतं. शेवटी परत चेहरा. कॅमेऱ्यासमोर धरून डोळे मिचकवायचे.

प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका काकांना हे करताना मी शेजारी बसून पाहत होतो. ते डोळे मिचकवत नव्हते, मिटून घेत होते, फोटो स्टुडिओत सांगितल्यासारखे. चष्मा काढला, तर स्क्रीनवरची सूचना दिसेना. चष्मा घातला, तर काचेवर ट्यूबलाइट चमके. तेवढ्यात आतून नातू आला. ‘आजोबा, आणा इकडे, मी करून देतो.’ फोन त्याच्या हातात गेला, अंगठे भराभर फिरले, आजोबांच्या तोंडासमोर फोन धरला गेला, ‘मिचकवा’, आणि काम झालं. आजोबांच्या फोनवर प्रमाण क्रमांकाचा मेसेज आला. सगळे खूश. आजोबा काय शिकले? एवढंच, की नातू घरी असताना दाखला काढावा.

या लेखात मला जे म्हणायचंय ते जवळजवळ सगळं या प्रसंगात आलं. नवशिक्याचा फोन त्याच्या हातातून काढून घेणं हा आपल्याकडचा सगळ्यात प्रेमळ आणि सगळ्यात घातक प्रकार आहे. नातवाचा हेतू चांगलाच असतो. त्याला कॉलेजला जायचं असतं, शिकवायला अर्धा तास लागेल तिथे दोन मिनिटांत काम होतं. पण सायकल शिकणाऱ्याला खाली उतरवून आपणच चालवत घरी आणली, तर सायकल घरी येते, शिकणारा मात्र जिथे होता तिथेच राहतो.

सरकारने शिकवण्याचा प्रयत्न केला नाही असं नाही. ग्रामीण भागासाठी २०१७ साली ‘पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान’ आलं. घरटी एक माणूस, सहा कोटी घरं, वीस तासांचा अभ्यासक्रम, शेवटी ऑनलाइन परीक्षा. मार्च २०२४ मध्ये ते संपलं तेव्हा ६.३९ कोटी लोकांचं प्रशिक्षण झाल्याची नोंद होती, म्हणजे उद्दिष्टापेक्षाही जास्त. आकडा मोठाच. पण पात्रतेचं वय होतं १४ ते ६०. साठीच्या पुढचा माणूस त्या योजनेच्या हिशेबात शिकण्यापलीकडे गेलेला. आणि नेमक्या त्याच माणसाकडून दर नोव्हेंबरात चेहरा, ओटीपी आणि ऑपरेटर यांची परीक्षा घेतली जाते. यात कोणाचा दुष्टावा नाही. एका खात्याने अभ्यासक्रम काढला आणि दुसऱ्या खात्याने प्रश्नपत्रिका.

वास्तविक प्रौढांना घरबसल्या शिकवण्याची विद्या नाशिकला परकी नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली इथेच स्थापन झालं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी त्याचा पाया घातला तो हे गृहीत धरून, की शिकणारा नोकरी करतो, संसार करतो, त्याला वर्गात बसायला वेळ नाही आणि त्याच्या शेजारी मास्तर नसणार. तेव्हा पुस्तकच असं हवं की ते मास्तरांसारखं बोलेल. शिवणयंत्रावरची बाई, एसटीचा कंडक्टर, पोलीस शिपाई असे लोक या विद्यापीठातून पदवीधर झाले. पुढे २००२ च्या आसपास एमएस-सीआयटी आलं आणि सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागतं म्हटल्यावर गल्लोगल्ली संगणकाचे वर्ग निघाले. त्या वर्गांनी एका पिढीला माउस धरायला शिकवलं. पण आजचा साठीतला नवशिका माउसच्या वाटेला गेलेलाच नाही. तो एकदम फोनवर उतरलाय. त्याला फोल्डर म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण रील पाठवता येतं. आपण जुन्या क्रमाने शिकवायला जातो आणि तो कंटाळतो.

मग तो शिकतो कुठे? व्हॉट्सॲपवर. ही गोष्ट नाक मुरडत सांगायची पद्धत आहे, मला ती पटत नाही. ‘शुभ सकाळ’च्या गुलाबांची टिंगल आपण सगळ्यांनीच केली, पण तो गुलाब म्हणजे नवशिक्याचा गृहपाठ असतो. फोटो निवडायचा, माणूस निवडायचा, पाठवायचं, दोन निळ्या खुणा आल्या का बघायचं. चुकलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. वर शाबासकी मिळते: समोरून हात जोडलेले येतात. बँकेच्या ॲपमध्ये यातलं काहीच मिळत नाही. चुकायला परवानगी असलेली जागा नवशिक्याला लागतेच, आणि आपल्याकडे ती ‘आमचा परिवार’ नावाच्या ग्रुपने दिली.

बायकांच्या बाबतीत आणखी एक दार उघडलं ते आवाजाने. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून लिहायची सोय दिली. इंग्रजी की-बोर्डवरून रोमन मराठी लिहिणं ज्यांना कधी जमलं नसतं, त्या माइकच्या चित्रावर बोट ठेवून बोलायला लागल्या. पंचवटीत राहणाऱ्या, सातवीपर्यंत शिकलेल्या एका मावशींना विचारलं, फोनमध्ये सगळ्यात आवडतं काय? त्या म्हणाल्या, ‘मी बोलते ते लिहून येतं. माझं अक्षर कुणी वाचायचं नाही, आता सून वाचते.’ त्यांच्या मेसेजात पूर्णविराम एकही नसतो. गोदेच्या पुरासारखा मजकूर येतो. भिशीचा हिशेब, वटपौर्णिमेचं ठरलेलं, कोणाच्या घरी लोणचं घालायचं ते सगळं त्यात. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत मराठी लिहिणाऱ्यांची संख्या जर कशाने वाढली असेल, तर ती या बटणाने.

पण याच दारातून काय काय आत येतं, तेही जिल्ह्याने पाहिलंय. १ जुलै २०१८. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. अफवा फोनवरून फिरत होती. त्याच रात्री आमच्या मालेगावात अशाच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरलं, त्यात लहान मूलही होतं. पोलिसांनी जमावाशी झगडून त्यांना सोडवलं, म्हणून ती बातमी राईनपाड्याची झाली नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून, अनेकदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो आणि त्यावर दुहेरी बाण दिसतो. फोन वापरायला लागलेल्या किती जणांना तो दुहेरी बाण ठाऊक आहे? मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या बहुतेकांना तो ‘फार महत्त्वाचा मेसेज’ असल्याची खूण वाटत होता. नेमकं उलटं. हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं, आणि ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

पैशांच्या बाबतीत चूक महाग पडते. २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे २२,८४५ कोटी रुपये गेल्याची माहिती सरकारने लोकसभेत दिली. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. ‘डिजिटल अरेस्ट’चं प्रकरण एवढं वाढलं, की २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना त्यावर बोलावं लागलं. पुढे अमिताभच्या आवाजातल्या कॉलर ट्यूनने कित्येक महिने आपला पिच्छा पुरवला. लोक वैतागले. पण त्या ट्यूनमुळे ‘१९३०’ हा नंबर निदान कानावरून गेला. फसवणूक झाल्याझाल्या तिथे फोन केला, तर पैसे पुढच्या खात्यात जाऊन अडवायची थोडी तरी संधी असते. दुसऱ्या दिवशी, मुलगा ऑफिसातून आल्यावर, ती फारशी उरत नाही. बापाने फसवणूक लपवून ठेवण्याचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं: ‘तुला कोणी सांगितलं होतं फोन वापरायला?’ हे वाक्य ऐकावं लागेल, याची भीती.

आणि इथेच प्रेसवाल्यांकडे मला एक वेगळं भांडवल दिसलं. ज्याने तीस वर्षं नोटेतला जलचिन्हाचा भाग उजेडाला धरून पाहिला, ज्याच्या हातून एक पान कमी भरलं तर पाळी सुटत नसे, त्याला संशय घ्यायला शिकवावं लागत नाही. एका काकांना त्यांच्या मित्राच्या नावाने मेसेज आला: दवाखान्यात आहे, पंधरा हजार पाठव. त्यांनी काय केलं? मित्राच्या घरी चालत गेले. मित्र दारात मटार सोलत बसला होता. तरुण माणसाने फोन केला असता, काका गेले. पण पद्धत तीच, समोरून आलेल्या गोष्टीची दुसऱ्या वाटेने खात्री करायची. त्यांना फक्त एक गोष्ट नव्याने सांगावी लागली: यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला नाही. ‘पैसे येताहेत, पिन टाका’ म्हणणारा चोर. ओळखीपाळखीत पैसे मागण्याची जी ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ होती, तिच्यावर एवढी फसवणूक झाली, की १ ऑक्टोबर २०२५ पासून ती बंदच करण्यात आली. काका म्हणाले, ‘म्हणजे नोटेचा नंबर बघायचा तसं हे.’ बरोबर तसं नाही, पण मी वाद घातला नाही.

नाशिक शहराबाहेर पडलं, की या शिकण्याला दुसराच रंग येतो. तिथे फोन हौसेचा नसून व्यवहाराचा आहे. लासलगावला आज काय निघालं, कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी, हे आकडे लिलाव संपायच्या आत निफाड, येवला, चांदवडच्या ग्रुपांवर फिरतात. ट्रॅक्टर जोडायचा की चाळीतला उन्हाळ कांदा आणखी आठ दिवस झाकून ठेवायचा, ते त्यावर ठरतं. या लोकांना कोणी वर्ग घेऊन शिकवलं नाही. गरज होती, शिकले.

नैताळ्याचे संजय साठे यांची गोष्ट या संदर्भात मला नेहमी आठवते. हवामान आणि पिकाचा सल्ला फोनवरून देणारी एका दूरसंचार कंपनीची सेवा ते पूर्वीपासून वापरत. त्यामुळेच २०१० साली बराक ओबामा मुंबईत आले, तेव्हा सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांना भेटवलेल्या निवडक शेतकऱ्यांत साठे होते. म्हणजे फोन वापरणारा आदर्श शेतकरी. २०१८ च्या नोव्हेंबरात याच शेतकऱ्याच्या साडेसात क्विंटल कांद्याचे हातात आले १,०६४ रुपये. त्यांनी निषेध म्हणून ते पंतप्रधानांना पाठवले, तेही मनीऑर्डरने, वर ५४ रुपये खर्चून. ती मनीऑर्डर परत आली. पैसे पाठवायचे तर ऑनलाइन पाठवा, असा निरोप मिळाल्याचं साठे यांनी तेव्हा वार्ताहरांना सांगितलं होतं. ज्याला ऑनलाइन जग आधीच येत होतं, त्याने मुद्दाम पोस्टाची खिडकी गाठली होती, कारण निषेधाला पावती लागते. कोणतं साधन कधी वापरायचं हे कळणं, ही माझ्या लेखी खरी साक्षरता.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी चावडीत बसून सातबाऱ्यावर पिकं भरायचा, आता शेतकऱ्याने स्वतः आपल्या गटात उभं राहून फोटो काढायचा आणि पीक नोंदवायचं. कल्पना चांगली. पण शिवारात रेंज नसते, दुपारी सर्व्हर दमतो, आणि शेतात उभं राहिलेल्या म्हाताऱ्याला फोन सांगतो की तुम्ही शेतात नाही. तो बिचारा फोन हातात धरून बांधाबांधाने फिरतो. इथेही गावातला एक पोरगा असतोच. ‘आणा बाबा, मी करून देतो.’ तो मग अख्ख्या वाडीची पिकं नोंदवतो. कोणाच्या तुरीच्या जागी मका पडला, ते विम्याच्या वेळी कळतं.

या ‘करून देण्या’चं सगळ्यात मोठं केंद्र म्हणजे आपलं झेरॉक्सचं दुकान. सेतू कार्यालयाच्या बाहेर, तहसीलच्या समोर, कॉलनीच्या तोंडाशी. पाटीवर पॅनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, परीक्षेचा फॉर्म, पासपोर्ट फोटो. हा माणूस नसता तर राज्याचा कारभार ऑनलाइन झालाच नसता, असं माझं स्पष्ट मत आहे. पण अशा कित्येक दुकानांत एक वही असते. गिऱ्हाइकाचं नाव, त्याच्यासाठी काढलेला ईमेल, त्याचा पासवर्ड. गिऱ्हाइकाला यातलं काही माहीत नसतं, आणि त्याला ते जाणून घ्यायचंही नसतं.

जुलै २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ आली तेव्हा ही वही भराभर भरली. महिन्याला १,५०० रुपये, ‘नारीशक्ती दूत’ ॲप, २१ ते ६५ वयाच्या बायका. अंगणवाडी सेविकांना यशस्वी अर्जामागे ५० रुपये ठरले होते. त्या रात्री जागून फॉर्म भरत होत्या, कारण दिवसा ॲप चालत नव्हतं. सिडकोत, सातपूरच्या कामगार वस्तीत, त्र्यंबकच्या पाड्यांवर बायका आपला फोन, आपला आधार दुसऱ्याच्या हातात देऊन बाकावर बसून राहिल्या. पैसे खात्यात आले, सगळं ठीक झालं.

सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने सांगितलं, आता ई-केवायसी करा. लाभार्थी बाईचा आधार आणि ओटीपी, शिवाय नवऱ्याचा किंवा वडिलांचाही. मग प्रश्न निघाले. आधारला कोणता नंबर जोडलाय? तो दिराचा, गावी असतो. दुसरीचा नंबर जुन्या सिमचा, रिचार्ज न केल्याने गेलेला. तिसरीचा नवरा वारलेला, वडील त्याआधीच. त्या रकान्यात काय भरायचं, हे संकेतस्थळालाही ठाऊक नव्हतं. मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. ज्या थोड्या जणींनी आदल्या वर्षी शेजारणीला जवळ बसवून अर्ज आपल्या बोटांनी भरला होता, त्यांना निदान कुठला नंबर, कुठली बँक, कुठला ओटीपी हे माहीत होतं. त्यांनी घरी बसून काम उरकलं आणि वाड्यातल्या आणखी चौघींना बोलावून घेतलं. बाकीच्यांनी आधाराची झेरॉक्स घेऊन पुन्हा दुकान गाठलं.